मितमतीनं दिलेला वेळ

सांगलीत संगणकाविरुद्धचे बुद्धिबळ सामने पुन्हा भरू लागले, ते मितमती ही नवी संगणकप्रणाली आल्यापासून. त्याआधी कित्येक वर्षं असे सामने पाहायला कुणी फिरकत नसे. निकाल आधीच ठाऊक असायचा. मितमतीला मात्र माणसाच्या मेंदूला लागते तेवढीच ऊर्जा मिळे, एका मंद दिव्याइतकी. त्यामुळे तिला विचाराला वेळ लागायचा आणि वेळ संपत आला की तिच्याही चुका व्हायच्या. पटापलीकडे तिचा यांत्रिक हात होता. सोंगट्या तोच हलवायचा, घड्याळाची कळही तोच दाबायचा.

शनिवारी तिच्यासमोर अनंत हर्डीकर बसले. एकेकाळचे राज्यविजेते. आता उजव्या हाताला कंपवाताची थरथर होती. ती पाहून प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांत कीव यायची, म्हणून त्यांनी स्पर्धाच सोडल्या होत्या. यंत्राला कीव येणार नाही, एवढ्याच भरवशावर ते इथे आले होते.

डाव अटीतटीचा झाला. शेवटी दोघांकडेही काही सेकंदच उरले. हर्डीकरांनी हत्ती सरकवला आणि थरथरत्या हाताचा धक्का लागून त्यांचा राजा, घोडा, दोन प्यादी आडवी झाली. ज्यानं पाडलं त्यानं स्वतःच्याच वेळेत उभं करायचं, असा नियम. घोडा उभा केला तर राजा घरंगळला. घड्याळातले आकडे उतरत होते.

तेवढ्यात यांत्रिक हात पुढे आला. त्यानं हर्डीकरांच्या बाजूची कळ दाबली. त्यांचं घड्याळ थांबलं, मितमतीचं सुरू झालं. मग त्या हातानं एकेक सोंगटी उचलून आपापल्या घरात ठेवली. शेवटचं प्यादं ठेवलं तेव्हा मितमतीचा वेळ संपला होता.

"हर्डीकर विजयी," पंच सादिक मुजावर म्हणाले.

"नाही हो, मुजावर. बरोबरी लिहा," हर्डीकर म्हणाले.

"सर, वेळ संपला की डाव संपला. माझ्या हातात काय आहे?"

टाळ्या वाजत राहिल्या. हर्डीकर त्या हाताकडे पाहत होते. कीव त्यांना लगेच ओळखू यायची. ही कीव नव्हती. पडलेल्या गड्याला समोरच्या संघातल्यानं हात देऊन उठवावं, तसं काहीसं होतं ते.

मितमतीची अभियंता रेवती बुधकर पडद्यावरची नोंद पुन्हा पुन्हा वाचत होती. "काका, हे आम्ही शिकवलेलं नाही. खेळता खेळता आपसूक आलंय. कंपनी याला दोष म्हणेल."

"दोष?"

"जिंकायला बनवलेलं यंत्र स्वतःचा वेळ वाटत सुटलं, तर काय म्हणणार?"

"उद्याच्या डावापुरती तरी तिला अशीच राहू दे, पोरी."

रेवतीनं मान खाली घातली.

रविवारच्या डावात हर्डीकरांचा हात पुन्हा लागला. वजीर आडवा झाला, उंट टेबलाखाली गेला. ते खाली वाकले. यांत्रिक हात जागचा हलला नाही. ते उंट घेऊन वर आले, तेव्हा घड्याळात शून्य होतं.

सभागृह रिकामं झाल्यावर रेवती त्यांच्याशेजारी येऊन बसली. तिचे डोळे लाल होते.

"कालचं एक सांगायचं राहिलं, काका. तुमच्यावरची मात दोन चालींवर होती. तिला ती दिसली होती."

थरथरणारा हात दुसऱ्या हातानं दाबून धरत हर्डीकरांनी विचारलं, "उद्या एखादा माणूस असं वागला, तर त्यालाही दुरुस्त करणार का गं तुम्ही?"