सगळे हजर

राग आला की मी मोजते. सोळा वर्षं सातवी-आठवीला गणित आणि विज्ञान शिकवल्यावर माणसाला दुसरं काय सुचणार. फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात मी अश्वजितने पाठवलेले फोटो मोजत होते. पहिल्याच दिवशी सदुसष्ट.

अश्वजित माझा धाकटा भाऊ. आमच्या पुलगावहून सारनाथ, बोधगया, कुशीनगर अशी बसयात्रा निघाली होती. खरं तर ती यात्रा आईची. विहारातल्या बायकांनी दोन वर्षांपासून ठरवलेली, नव्या पांढऱ्या साड्यासुद्धा घेऊन ठेवलेल्या. निघायला तीन आठवडे असताना आई अंगणात पडली आणि तिचं उजव्या खुब्याचं हाड मोडलं. सावंगीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टर समाधानी होते, पण दीड महिना पाय जमिनीला टेकवायचा नव्हता. तिला सांभाळून न्यायला म्हणून ज्याचं नाव घातलं होतं, तो अश्वजित मग एकटाच गेला आणि मी बिनपगारी रजा टाकून घरी बसले. "तू जाय बेटा. फोटो पाठवत राहजो, मी इथूनच पाहीन," असं आईच त्याला म्हणाली होती. ते त्याने फारच मनावर घेतलं. मी बेडपॅन उचलत असताना फोन वाजायचा, कणीक मळत असताना वाजायचा. पुरीभाजी. बसची खिडकी. पुरीभाजीसोबत अश्वजित. यात्रेच्या ग्रुपवर सगळ्यांच्या घरची माणसं अंगठे दाखवायची, आमच्या मावश्याही. आईचं कसं आहे, हे विचारायला एकीलाही वेळ नव्हता.

बस हेमराज नावाच्या माणसाची होती. त्याची एक पद्धत होती. कुठूनही बस हलायच्या आधी तो दारात उभा राहून यादीतली नावं मोठ्याने वाचायचा, ज्याचं नाव येईल त्याने "हाये" म्हणायचं. मग डोकी मोजून एक फोटो काढायचा आणि त्याखाली लिहायचा: सगळे हजर. आईचं नाव यादीतून कोणी काढलंच नव्हतं. आर्वीचे लोक घेऊन बस कारंज्याच्या धाब्यावर पहिल्या चहाला थांबली, तिथला व्हिडिओ अश्वजितने पाठवला. हेमराजने वाचलं, "सीट चौदा, मीराबाई थूल," आणि बसमधल्या साऱ्या बायका एका सुरात ओरडल्या, "हाये!" चौदा नंबरच्या सीटवर, उजव्या खिडकीशी, आईची पिशवी ठेवलेली होती. आई हसता हसता रडली. तो व्हिडिओ तिने मला सहा वेळा लावायला लावला. मीही हसले होते, हे इथे लिहून ठेवते.

फोटोखाली लिहिलं होतं: ४२/४२. सगळे हजर.

तिसऱ्या दिवशी, सारनाथला पोचले त्या सकाळी, आई नऊच्या सुमाराला झोपली ती हलवूनही जागी होईना. श्वास संथ होता, नाडी ठीक होती. वीस मिनिटांनी तिने आपणहून डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मी दुबळेपणावर ढकललं. दुपारी शेजारच्या किराणा दुकानाच्या वच्छलाबाई तिला बघायला आल्या आणि माझ्यावरच घसरल्या.

"बाईले उन्हात काऊन बसवलं वो? गाल पोळला पाहा."

आईचा पलंग मधल्या खोलीत आहे. त्या खोलीला खिडकी नाही. पण आईचा उजवा गाल खरंच लाल झाला होता, हात लावला तर गरम लागत होता. डावा नेहमीसारखा. पायही सुजले होते, लांबच्या प्रवासात बसून बसून सुजतात तसे.

त्या संध्याकाळी मी सारनाथचा फोटो मोठा करून माणसं मोजली. बेचाळीस. फोटो हेमराजने काढलेला, म्हणजे तो त्यात नाही. आई इथे, म्हणजे हवे होते एक्केचाळीस. मी तीनदा मोजले. मागच्या ओळीत, कडेला, कोणाच्या तरी खांद्याआड एक पांढरा पदर होता. चेहरा दिसत नव्हता.

मी हेमराजला फोन लावला आणि सरळ विचारलं की खोटा आकडा कशाला लिहिता.

"ताई, मी डोके मोजूनच लिहतो," तो म्हणाला. "अंदाजे नाई लिहत."

पाचव्या दिवशी मी वरणभात कालवून नेला तर आई म्हणाली, "आमचं जेवण झालं." मी ताट आपटलंच. इतके दिवस मी हिचं सगळं करते आहे, आणि हिचं 'आम्ही' म्हणजे कोण? दहा मिनिटांनी बोधगयेचे फोटो आले. पंगत बसली होती. अश्वजितच्या शेजारी एक पत्रावळ होती, जेवून संपवलेली, आणि तिच्यामागे कोणी बसलेलं नव्हतं. पत्रावळीच्या कडेला मिरच्या नीट वेचून ठेवल्या होत्या. आई तशाच ठेवते.

त्यानंतर तिने घरी घासही घेतला नाही. दिवसाला चार चार तास ती तशी पडून राहायची. गावातले डॉक्टर येऊन गेले, सगळं तपासून म्हणाले, काही सापडत नाही. मला मात्र एवढं दिसत होतं की ती रोज थोडी कमी होत चालली आहे.

मग मी अश्वजितला फोन केला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. त्या बायकांना सांग तिच्या नावाने ओरडणं बंद करा. खेळ मांडलाय का?

"तू जळून राह्यली, ताई," तो म्हणाला. "तुले यायचं होतं ना?"

ते खरं होतं, म्हणून मी आणखी ओरडले. गाल, पाय, पत्रावळ, बेचाळीस डोकी, सगळं सांगितलं.

"ते आम्ही बंदच केलं," तो हळू आवाजात म्हणाला. "सारनाथपासून कोणीच हाये म्हणत नाई. तरी हेमराजभाऊ थांबत नाई, हाये ऐकल्यासारखा पुढचं नाव घेते."

"आणि सीटवर पिशवी आहे ना तिची?"

"पिशवी मी मांडीवर घेऊन बसतो," तो म्हणाला. "काऊन, ते नको विचारू."

मी त्याला बजावलं. पुढच्या हजेरीला आईचं नाव आलं की मोठ्याने सांगायचं, ती नाही, ती घरी आहे. आणि हेमराजला तिच्या नावावर तिथल्या तिथे पेन मारायला लावायचा. मला ऐकू यायला हवं. मला माझी आई घरात हवी होती, आणि माझा राग इतका होता की त्यापलीकडचा एकही प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

सातव्या दिवशी सकाळी कुशीनगरहून त्याचा फोन आला. लोक दर्शन करून बसकडे परतत होते. आई साडेआठपासून निपचित होती. मी फोन स्पीकरवर ठेवून तिच्या उशाशी बसले.

नावं सुरू झाली. बारा. तेरा.

"सीट चौदा, मीराबाई थूल."

"नाई," अश्वजितचा आवाज फाटला. "नाई आली ते. ते घरी हाये, पुलगावले. काटा नाव."

कागदाचा आवाज आला. बाकीची नावं झाली. दार लागलं, इंजिन सुरू झालं.

मी आईकडे पाहत होते. तिने डोळे उघडले.

तिने उजवा हात वर केला, गाडी थांबवायला करतात तसा.

"नंदा, बस गेली," ती म्हणाली. "मी खालीच राह्यली."

मी फोनमध्ये किंचाळले. अश्वजितने बस थांबवायला लावली, तो रिक्षाने मागे गेला, तासभर त्या आवारात आईला हाका मारत फिरला. लोक बघत राहिले. त्याला कोणी दिसलं नाही. इकडे ग्रुपवर फोटो येऊन पडला होता: ४१/४१. सगळे हजर.

त्यानंतर आई बोललेली नाही. भरवलं तर गिळते. पापण्या मिटते, उघडते. सावंगीला दाखवलं, हाड छान जुळलंय म्हणाले.

अश्वजित परत आला. दर रविवारी नागपूरहून येतो आणि पलंगाच्या पायथ्याशी बसतो. मी त्याला बोलत नाही. बोलले तर पहिलं वाक्य माझ्याबद्दलच बोलावं लागेल.

कुशीनगरहून बस सुटल्याच्या तिसऱ्या दिवसापासून आईच्या तळव्यांना माती लागू लागली. मी संध्याकाळी पाय धुते, सकाळी पुन्हा माती. आधी पांढुरकी, पिठासारखी मऊ. मी तारखा घालून पुड्या बांधून ठेवल्या आहेत. पुढे बारीक खडे यायला लागले, मग लाल मुरूम. टाचा फुटल्या. उजव्या पायाला माती कमी असते, तो तिला नीट टेकवता येत नाही. कुशीनगर इथून हजार किलोमीटर आहे. मी भागाकार केला. रोजचे सोळा धरले तर साधारण दोन महिने.

एकोणसाठाव्या दिवशी तिच्या टाचेच्या भेगांत काळी माती सापडली, आपल्याकडची, कपाशीच्या शेतातली. मी ती हातात धरून खूप वेळ रडले. वच्छलाबाईंना सांगितलं की आता येता-जाता आमचं समोरचं दार ओढून घ्यायचं नाही.

आज त्रेसष्टावा दिवस. सकाळी पाय धुवायला बसले तर तळवे कोरडे, स्वच्छ.

मी धावत दारात गेले. गल्लीत कोणी नव्हतं.

फोन वाजला. हेमराजचा ग्रुप मी कधी सोडलाच नव्हता. त्याची बुद्धपौर्णिमेची बस आज सुटली होती. सातला आर्वीहून पहिला फोटो आला होता: ४०/४०. सगळे हजर. आत्ता आलेला कारंज्याच्या धाब्यावरचा होता, कुशीनगरहून घरी येणाऱ्या त्याच वाटेवरचा. चहाचे ग्लास, बस, हसणारी माणसं. खाली लिहिलं होतं: ४१/४१. सगळे हजर.

मी मधल्या खोलीत परत गेले आणि आईच्या उजव्या गालावर हात ठेवला. तो गरम होता.