एकशे चाळिसावं पाऊल

माझी शालनआजी आमच्या शाळेतल्या मुलींना लेझीम शिकवते. पण यंदा भलतंच सुरू झालं. बरोबर एकशे चाळिसाव्या पावलाला तिच्या पोटरीत कळ यायची आणि दोन मिनिटं बसली की गायब! मी रोज मोजत होते. मिरवणूक सहा महिन्यांवर आली होती, आणि आजीशिवाय आमचं पथक म्हणजे नुसता गोंधळ.

दवाखान्यात धन्वा नावाचा यंत्रमानव होता. त्याने आजीच्या दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजला.

“घोट्याशी दाब निम्माच आहे. पायाची धमनी (हृदयाकडून रक्त नेणारी नळी) आत चरबी साचून अरुंद झालीय.”

“मग बसल्यावर दुखत का नाही?” मी विचारलं.

“घरात एकच नळ सोडला तर बारीक पाइपातूनही पाणी पुरतं ना? सगळे एकदम सोडले तर? नाचताना पोटरीला कितीतरी पट जास्त रक्त लागतं. तेवढं मिळत नाही, म्हणून ती दुखते.”

धन्वा इवल्या फुग्याने धमनी रुंद करून आत स्टेंट (जाळीची नळी) बसवणार होता. “पण उपचार तोच असूनही एकाची धमनी वर्षानुवर्षं मोकळी राहते, दुसऱ्याची लवकर तुंबते. रक्तातली साखर, वेळेवर औषधं, रोजचं चालणं, यावर बरंच अवलंबून असतं. आणि तंबाखूवर. आजी, खाता?”

“शी! मेले तरी शिवणार नाही त्याला!”

बोलावं तर आजी चिडणार. न बोलावं तर तिचा पाय! “आजी... मिश्री?”

“अगं, ती दाताला लावायची! ती कुठं तंबाखू?”

धन्वा म्हणाला, “माझ्या यादीत हा शब्दच नव्हता. आत्ता शोधला. मिश्री म्हणजे भाजून कुटलेला तंबाखूच. त्याने धमन्या आवळतात आणि पुन्हा तुंबायचा धोका वाढतो.”

आजीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी खुर्चीखालीच शिरणार होते. मग तिने कमरेची डबी काढून धन्वाच्या टेबलावर आपटली. “चाळीस वर्षांची सवय आहे. घे, ठेव तुझ्याकडंच!”

उपचार झाला. पुढे महिनाभर आजी घरभर करवादत होती. पण डबी परत आणली नाही, आणि रोज चालली. दमली की थांबायची, पुन्हा निघायची.

मिरवणुकीत एकशे चाळीस आलं आणि गेलंसुद्धा! हजाराला तर मीच दमले. आजीने माइक हिसकावला. “ही माझी नात केतकी. हिने भर दवाखान्यात माझी चुगली केली, म्हणून मी आज नाचतेय!” काय टाळ्या पडल्या!

परवा शेजारच्या काकू तपासणीला गेल्या.

“तंबाखू?” धन्वाने विचारलं.

“छे छे!”

“आणि मिश्री?”

काकूंनी कपाळाला हात लावला. “हे तुला कुणी शिकवलं रे?”

“केतकीने,” धन्वा म्हणाला. “आता आम्ही सगळेच यंत्रमानव हे विचारतो.”