मेट्ट्याच्या चढावर एक ठोका

सांगतो. पण मधेच कोणी ‘बापाबद्दल असं बोलू नये’ म्हणायचं नाही. ज्याला म्हणायचंय त्यानं आताच उठावं.

काम साधं होतं. दोन हजार एक साल, एप्रिल. नागपूरकडच्या हौशी लोकांना जंगलातल्या डोंगरवाटांवर जीप चढवायचं वेड लागलं होतं, आणि माझ्या बापाला, देवाजीला, त्याचा वास लागला होता. अहेरीत आमचं गॅरेज. लिलावातली एक मिलिटरी जीप, चारही चाकांना जोर देणारी, त्यानं दुरुस्त करून उभी केली होती. रविवारी पाहुणे येणार, म्हणून मेट्ट्यावरची जुनी लाकूडवाट आधी चढून पाहायची होती. मेट्टा म्हणजे डोंगर. एके काळी ठेकेदाराचे ट्रक तिथं सागवान भरायला जायचे. बाप तेव्हा त्यातलाच एक ट्रक चालवायचा.

जीप मी चालवत होतो. बाप शेजारी बसून माझं आयुष्य चालवत होता.

“कॉलेज सोडलं, आता क्लच तरी सोड,” तो म्हणाला.

“तुमीच चालवा मग.”

“माहे गुडघे गेले बे. नाईतर तुले कोण हात लावू देते?”

मोहाचे दिवस. फुलं वेचता यावीत म्हणून लोकांनी झाडाखालचा पालापाचोळा पेटवला होता. सगळ्या डोंगराला धूर, दुपारीसुद्धा सूर्य तांब्याच्या पैशासारखा. धुरात मोहाचा गोड, आंबूस वास मिसळलेला.

चढाच्या पायथ्याशी डहाळ्यांचा एक ढीग होता. कोणी अपघातात गेलं की त्या जागी येणारा-जाणारा हिरवी डहाळी टाकतो, तसला. शेजारी सुकरी नावाची म्हातारी टोपलीत मोहफुलं भरत होती.

“पाला टाकून जाजो, देवाजीभाऊ,” ती म्हणाली. “चैतूले विसरला का?”

“आमी असलं काई मानत नाई, बाई.” बाप समोर पाहत होता. “चल बे.”

बापाला बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत. दुसऱ्याचा देव काढायचा असला की त्या लगेच आठवतात. खोटं बोलणार नाही, अशीही त्यात एक आहे. ती मात्र जिभेवर कधी येत नाही.

“चैतू कोण?” मी विचारलं.

“होता एक. माह्या ट्रकवर क्लीनर. पिऊन चाकामागं पडला होता. ट्रक मागं सरकला… खलास.”

“शंभर टक्के खरं?”

“गाडीकडं पाह्य.”

मी छोटा दांडा ओढून पुढच्या चाकांना जोर दिला. वाट म्हणजे नुसते सुटे दगड. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला बांबू. शेवटच्या वळणावर चाकं जागीच फिरायला लागली. रबर जळाल्याचा वास आला.

“थांब. दगड लावतो,” बाप म्हणाला आणि उतरून मागं गेला.

ट्रकवाल्यांची एक रीत असते. क्लीनर मागून पत्र्यावर हात मारतो. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे जाऊ दे. बापानं मला ती लहानपणीच शिकवलेली.

मी ब्रेक दाबून बसलो. धूर दाट झाला. बांबू कडकडले. पाखरं गप्प.

मग मागच्या पत्र्यावर ठोका पडला. एकच.

“थांबलोच आहे ना!” मी ओरडलो.

“मागं येऊ द्या, उस्ताद… येऊ द्या…”

आवाज कोवळा होता. उस्ताद म्हणतो तो क्लीनर, ड्रायव्हरला; मला माझा बाप उभ्या जन्मात म्हणणार नाही.

आरशात पाहिलं. बाप चाकाच्या बरोबर मागं गुडघ्यांवर बसला होता. दगड हातातून पडलेला. तो माझ्याकडं पाहत नव्हता, जीपच्या मागच्या फळीकडं पाहत होता. तिथं मला फक्त धूर दिसत होता.

“एकच ठोका होता,” तो म्हणत होता. “आयकला होता मी… आयकला होता, चैतू…”

माझ्या पायाखालचा ब्रेक हळूहळू खाली जायला लागला. चिखलात पाय रुतावा तसा. जीप एक बोट मागं सरकली.

“बाबा, हटा!”

तो हलला नाही.

“येऊ द्या…” पुन्हा तोच कोवळा आवाज.

बापाचा राग मला रोज येतो. पण तो त्याला चिरडायचा राग नव्हे. मी पहिला गिअर टाकला, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर पूर्ण दिला आणि क्लच सोडला. चाकांनी दगड मागं फेकले, किंचाळली, आणि एकदम पकड घेतली. जीप उसळून वर सपाटीला गेली. ती तशीच सोडून मी खाली पळालो.

बाप वाटेवर पालथा पडला होता. श्वास चालू. एक ओरखडा नाही. पण पांढऱ्या सदऱ्यावर, खांद्यापासून कमरेपर्यंत, टायरची नक्षी उठली होती. जोडचाकांची. ट्रकची. आणि ती ओल्या, लाल चिखलात होती. त्या वाटेवर राख आणि धूळ सोडून काहीच नव्हतं.

“तो पिऊन नव्हता ना?” मी विचारलं.

त्यानं मान हलवली. “नाई. माही घाई होती.”

“मग हे गावात सांगा.”

“सांगन,” तो म्हणाला. “सांगन, कुलदीप.”

सांगितलं नाही. मे महिन्यात बसस्टँडवरच्या चहावाल्यानं सहज विषय काढला. बापानं बशीतला चहा फुंकला. “पिऊनच होता तो,” म्हणाला. मी उठून चालू लागलो.

तासभर भटकून घरी आलो तेव्हा ऊन तापलेलं होतं; बाप आधीच पोचला होता. अहेरीत महिनाभर पावसाचा थेंब नव्हता. न्हाणीत माझी आई, मीराबाई, बापाचा सदरा घासत होती. मोरीतून लाल पाणी वाहत होतं.

“आज पुन्हा,” ती बापाला म्हणाली. “इतका चिखल कुठी भेटते जी तुमाले?”