सन्मानाच्या सकाळी गांडुळं गायब

"आमची गांडुळं चोरीला गेली!" गांडूळताई म्हणाली.

खाजगी गुप्तहेर असलेल्या सासूबाईंनी गंभीरपणे मान डोलावली. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या जावयाने तोंडातला चहा कसाबसा गिळला.

गांडूळताई बाजारातल्या सडक्या भाजीचं खत करायची. वस्तीतल्या बायकांचं पोट त्यावर चालायचं. आज तिचा सन्मान होता. पण परीक्षक कडक. काम डोळ्यांनी पाहू, मगच सन्मान. आणि मंचावरची पेटी रिकामी!

"काल पेटी ठेवली, वर दिवा लावला नि घरी गेले. नव्या जागी लावावाच लागतो."

बिचाऱ्यांना अंधाराची भीती वाटत असणार, जावयाने ताडलं.

ताईनंतर सभागृहात तिघंच गेली होती. सासूबाईंनी एकेकाला शेजारच्या खोलीत बोलावलं.

"ओल्या गोणपाटात गुच्छ गुंडाळून मंचावर ठेवले नि निघाले," फुलवाली फणकारली. "गांडुळांचा काय गुच्छ बांधू?"

"रात्री कुलूप माझ्या हातचं," चौकीदार म्हणाला. "सकाळी उघडलं, मंचावरचे सगळे दिवे लावले, तर पेटी रिकामी. मी तर पाल दिसली तरी बाहेर झोपतो!"

शेवटी दिवेकाका. झोपडीझोपडीत उन्हावर चालणारे दिवे पोचवले म्हणून त्यांचाही सन्मान होता. आल्या आल्या त्यांनी पंखा बंद केला. बोलता बोलता खिडकी उघडून दिवा मालवला.

"मी सगळ्यांत शेवटी निघालो खरा, पण पेटीला शिवलो नाही," ते म्हणाले आणि जाताना चौकीदाराचा रेडिओ बंद करून गेले.

"हाच चोर!" जावई कुजबुजला.

"जावईबापू, तुमचा अंदाज हमखास चुकतो, म्हणून तर तुम्हाला सोबत आणते."

सासूबाईंनी सगळ्यांना मंचावर जमवलं.

"चोरी झालीच नाही. गांडुळं भितात ती उजेडाला. नव्या जागी ती बिचकून पळू बघतात, म्हणून वर दिवा. काका, निघताना सवयीने काय केलंत?"

काकांचा चेहरा उतरला. "मालवला. वाया जात होता हो!"

"अंधार झाला, मंडळी निघाली. कोरड्या फळ्यांवर ती जगत नाहीत. मग मंचावर ओलं काय होतं?"

ताईने गोणपाट उलगडलं. आत नुसती वळवळ! पाहुण्यांच्या गुच्छातूनही दोघं डोकावत होती.

"माझा सन्मान रद्द करा," काका पुटपुटले.

"राहू द्या हो, काका. आधी वेचायला बसा!" ताई म्हणाली.

तेवढ्यात परीक्षक आले. दोन्ही सन्मानमूर्ती मंचावर रांगत होत्या.

"हे काय?"

"प्रात्यक्षिक," सासूबाई म्हणाल्या.

परीक्षकांनी बराच वेळ निरखून पाहिलं. मग कोट काढला, बाह्या सारल्या आणि गुडघ्यांवर बसले.

"सन्मान पक्का, ताई. फक्त एवढं सांगा, यांना धरायचं कुठून?"