कोटाला नमस्कार

"नमस्कार काका, हा चष्मा आजच्या आज दुरुस्त होईल का?"

दुकानात शिरलेल्या तरुणाने अगदी अदबीने विचारलं. काका काही बोलले नाहीत. बोलणार कुठून? खुंटीला दुकानमालक मामाचा कोट लटकत होता आणि त्याच्यावर मामाची टोपी. काउंटरमागे बसलेल्या भाचीने ओठ गच्च मिटले, पण हसू आवरेना.

"काका जरा अबोल आहेत," ती म्हणाली. "चष्मा इकडे द्या."

तो आवाजाच्या दिशेने वळला. हातात चष्म्याचे दोन तुकडे, वाऱ्याने विस्कटलेले केस आणि हळूहळू लाल होत चाललेले कान.

"म्हणजे मी आत्ता..."

"कोटाशी बोललात. पण छान बोललात हं! माझ्याशी इतक्या आदराने कुणी बोलत नाही."

तिने चष्मा हातात घेतला. काडीचा इवलासा स्क्रू कुठेतरी पडून गेला होता. "तुमचा स्क्रूच नाहीये जागेवर," ती म्हणाली आणि जीभ चावली. "चष्म्याचा म्हणते मी—"

"दोन्ही अर्थांनी बरोबर आहे," तो म्हणाला.

ती स्क्रू शोधत होती तोवर त्याने काउंटरवरचं माहितीपत्रक उचलून अगदी नाकाला लावलं. ते तिचंच होतं. विद्यापीठातल्या इन्फर्मेशन सिस्टीम्सच्या मास्टर्सचं. गेल्या वर्षी दुकानातल्या संगणकाने दोन सख्ख्या जावांचे नंबर आपापसांत बदलून टाकले होते आणि महिनाभर दोघी एकमेकींच्या नजरेने जग बघत होत्या. घरात म्हणे तेवढीच शांतता होती! पण हिच्या डोक्यात तेव्हापासून भुंगा शिरला होता. माहिती अशी कशी घसरते? ती नीट ठेवायची कशी? मात्र पदवी वनस्पतिशास्त्राची, आणि सहा वर्षं गेली लोकांच्या कानांमागे काड्या बसवण्यात.

"घेतील का हो मला?" तिने विचारून टाकलं. अनोळखी माणसाला विचारणं सोपं असतं.

"मी तिथेच संशोधन करतो. नव्या मुलांचं प्रॅक्टिकलही घेतो," तो म्हणाला. "पदवी कुठलीही चालते. कामाचा अनुभव तुमच्याकडे आहेच. शिफारसपत्रं दोन लागतील."

"एक मामा देईल."

"नातेवाइकांचं चालत नाही."

"मग कोटाचं?"

तो इतका मनापासून हसला की तिच्या हातातला स्क्रू पुन्हा निसटला.

"संगणक शिकलेल्या नसाल तर प्रवेश सशर्त मिळतो," हसू ओसरल्यावर तो म्हणाला. "पहिल्या सत्रात प्रोग्रॅमिंग आणि डेटाबेस, दोन्हींत किमान बी श्रेणी. एकातही कमी पडलात तर प्रवेश रद्द."

तिने चष्मा त्याच्या नाकावर ठेवला, दोन्ही काड्या कानांमागे बोटांनी बसवल्या. रोजचंच काम. पण आज बोटं उगाच रेंगाळली.

"आता दिसतंय?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "हो... आता फारच नीट दिसतंय."

त्या दिवसापासून तिच्या मनात त्याचं नाव पडलं, कोटवाला.

प्रवेश मिळाला. मामाने बराच वेळ टोपी फिरवली आणि मग निकाल दिला. "एक सत्र तुझी खुर्ची रिकामी ठेवतो, शनिवारी तेवढी येत जा. जमलं नाही तर गुमान परत येऊन बसायचं. पुन्हा हे खूळ काढायचं नाही." मामाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तिला खुर्ची आवडत नव्हती असं नाही, पण जन्मभर तीच एक खुर्ची या विचाराने तिचा जीव घुसमटायचा.

पहिले दोन आठवडे स्वप्नासारखे गेले. डेटाबेसचं प्रॅक्टिकल कोटवालाच घ्यायचा. तिचा प्रोग्राम रुसून बसला की शेजारी स्टूल ओढायचा. "एकाच रकान्यात दोन्ही डोळ्यांचे नंबर कोंबलेत? चष्मेवाल्या बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती!" मग मशीनचा पाणचट चहा, बसथांब्यापर्यंतची वाट, आणि बस आली तरी न संपणारं बोलणं...

आणि तिसऱ्या आठवड्यात कुठे माशी शिंकली कोण जाणे. तो तिच्या टेबलाकडे फिरकेना. अडलं की दुसराच मदतनीस येई. तिचे पेपर विभागप्रमुख बाईंच्या हिरव्या शाईने रंगून परत येऊ लागले. बाई म्हणजे साक्षात कडक इस्त्री! एकदा तिने जिन्यात त्याला गाठलंच.

"माझं काही चुकलं का?"

"नाही... म्हणजे... अभ्यास करा," असं पुटपुटून तो दोन-दोन पायऱ्या गाळत पळाला.

"ज्याचं काही खरं नाही, त्याचे पेपर बाईंकडे जातात," शेजारी बसणारीने ज्ञान दिलं.

तिला फार लागलं ते. आपण इतक्या कच्च्या, की त्याला आपला पेपर हातातसुद्धा धरवत नाही? बसमध्ये खिडकीकडे तोंड करून तिने पोटभर रडून घेतलं. मग घरी जाऊन पुस्तक उघडलं. आता बी श्रेणी मिळवायचीच, त्याच्या नाकावर टिच्चून!

प्रोग्रॅमिंगमध्ये बी श्रेणी मिळाली. डेटाबेसची तोंडी परीक्षा तेवढी उरली. तिने मामाच्या दुकानाचीच प्रणाली बांधली होती. बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

"गिऱ्हाइकाचा नंबर बदलला की तुम्ही जुना पुसत नाही, नवी नोंद करता. जागा का अडवायची?"

हे पुस्तकात नव्हतं. पण दुकानात होतं. "बाई, डोळा एकदम बिघडत नाही," ती म्हणाली. "जुना नंबर पुसला तर किती भराभर बिघडतोय ते कळणारच नाही. दुकानात येणाऱ्या एका आजोबांचं तसंच झालं होतं. जुनी चिठ्ठी खिशात सापडली म्हणून वेळेवर डॉक्टरांकडे गेले."

बाईंनी पडद्यावरचं बोट काढलं. मग हिरव्या पेनाचं टोपण लावलं. "ए श्रेणी. प्रवेश पक्का. आता उरलेले विषय आणि शेवटचा प्रकल्प झाला की पदवी तुमची."

तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. आणि त्या हलक्या झालेल्या छातीतून नको तो प्रश्न निसटला. "बाई, मी इतकी कच्ची होते का? सुरुवातीपासून माझे पेपर तुमच्याकडे..."

"कच्ची?" कडक इस्त्रीला चक्क हसण्याची चुणी पडली. "अहो, ज्या विद्यार्थ्यात मन गुंतलंय त्याला गुण द्यायचे नाहीत, असा आमच्याकडे नियम आहे. तिसऱ्या आठवड्यात तो माझ्यापुढे उभा राहिला, कान लालभडक. म्हणे, हिचे पेपर मला तपासता येणार नाहीत. मी विचारलं, भांडण झालं का? तर म्हणाला, भांडण नाही बाई, उलटच झालंय."

"उलटच?" तिने विचारलं.

"मीच बजावलं, निकाल लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही. उद्या कुणी तुमच्या श्रेणीकडे बोट दाखवायला नको. आता लागला निकाल, मी सुटले. जा, चहाच्या मशीनजवळ उभा असेल. सकाळपासून तिथेच येरझारा घालतोय."

तो होताच तिथे. चष्म्याची काडी चिकटपट्टीने कशीबशी बांधलेली. तिला बघून तो घाईघाईने पुढे आला.

"ए," ती म्हणाली.

त्याने डोळे मिटून इतका मोठा सुस्कारा सोडला, जणू परीक्षा त्याचीच होती.

"आणि हे काय ध्यान?" तिने पर्समधून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला. "दुकानात का नाही आलात?"

"मला फक्त शनिवारी सवड, आणि तेव्हा तुम्ही असता तिथे. तुमचा हात कानांना लागला असता, तर मी... सगळं बोलून बसलो असतो."

"मग आता बोला." तिने चष्मा काढून घेतला.

"काही दिसत नाहीये."

"कोटाशी बोलला होतात, माझ्याशी जमणार नाही?"

तो हसला. मग हसू थांबलं. "मला तू फार आवडतेस," तो म्हणाला. "त्या दिवशी चष्मा लावलास ना, तेव्हापासून. तुझे विषय एकूण एक बघून घेतलेत मी. शेवटच्या प्रकल्पापर्यंत एकही माझ्याकडे येत नाही."

"अख्खी पदवी तपासलीस?"

"दोनदा."

इतके आठवडे उराशी धरलेलं दुखणं कुठल्या कुठे गेलं. तिने स्क्रू घट्ट केला, चष्मा त्याच्या नाकावर ठेवला, काड्या कानांमागे बसवल्या, आणि या वेळी बोटं मुद्दाम तिथेच राहू दिली. "मलाही," ती हळूच म्हणाली, "आवडतोस तू... माझ्यापासून पळत होतास तेव्हासुद्धा."

पर्समधला फोन वाजला. मामा.

"काय झालं गं? खुर्ची ठेवू की देऊ दुसऱ्याला?"

"देऊन टाक, मामा!"

पलीकडे खुर्ची सरकली. मग मामाने जोरात नाक शिंकरल्याचा आवाज. "शाबास पोरी." मामा खाकरला. "आणि तो कोटाला नमस्कार करणारा? ज्याच्यासाठी रडून डोळे सुजवून आली होतीस?"

"तुला कसं कळलं?"

"चाळीस वर्षं डोळेच बघतोय मी. घेऊन ये त्याला. आणि त्याला म्हणावं, या वेळी नमस्कार मला कर. कोट धुवायला टाकलाय."