डावीकडचं पॅडल

खोटंच लिहायचं असतं तर यात पांढरी साडी आणि पिंपळाचं झाड तरी घातलं असतं. यात तसलं काही नाही. एक जुनी गाडी आहे, तिचा क्लच आहे आणि माझे पप्पा आहेत. गेल्या फेब्रुवारीतली संध्याकाळ. ठाणे पूर्वेला, कोपरीतलं एक गॅरेज. जे झालं ते मी स्वतः पाहिलंय.

मी अमृता. माझे पप्पा रत्नदीप, कोपरीत ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. स्कूल म्हणजे काय, एक गाडी आणि पप्पा. शिकवायच्या गाडीत डाव्या सीटपुढेही क्लच-ब्रेक असतात, मास्तरसाठी. मास्तरने आपला क्लच दाबला की ड्रायव्हरचाही आपोआप खाली जातो, आणि गाडी बंद पडत नाही.

अशा गाडीवर जो शिकला त्यालाच यातली गंमत कळेल. आपल्याला वाटतं, वा, काय गाडी चालवतोय आपण. खरं तर अर्धी गाडी मास्तरचा पाय चालवत असतो.

माझंही तेच झालेलं. लायसन्स मिळालं तरी पप्पा शेजारी बसायचेच. सिग्नलला आपल्या पोरीची गाडी बंद पडावी आणि मागच्यांनी हॉर्न मारावेत, हे त्यांना सहन व्हायचं नाही.

ऑक्टोबरमध्ये पप्पा गेले. सकाळी चहा पिता पिता.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, आणि आईने जेवण सोडल्यासारखंच केलं. बोलायचीही नाही. एका रविवारी मी तिला गाडीत घालून खडवलीला मावशीकडे नेलं. परत येताना ती मागच्या सीटवरून म्हणाली, "अमू, भूक लागली."

मग मी दर रविवारी गाडी काढायला लागले. आई मागेच बसायची. पुढे ये म्हटलं तर नको म्हणायची.

आणि गाडी...

एकदाही बंद पडली नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

डिसेंबरात जळका वास यायला लागला. ॲक्सिलरेटर दिला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. संदेशच्या गॅरेजला दाखवली. पप्पांची गाडी पहिल्यापासून तोच बघायचा.

"ताई, क्लचवर पाय ठेवून चालवता काय? प्लेट पार जळली."

"नाही रे. उलट मी पाय लगेच काढते."

त्याने नवीन प्लेट टाकली. महिन्याभरात तीही जळली, मग तिसरी टाकली.

मग घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर गाडीने दगा दिला. इंजिन किंचाळत होतं आणि गाडी मागे सरकत होती... मागच्या टेम्पोच्या तोंडाशी. मागे आई बसलेली. हँडब्रेक ओढला म्हणून वाचलो.

त्याच संध्याकाळी टो करून संदेशकडे आलो.

तो म्हणाला, "एक टेस्ट असते. हँडब्रेक टाइट, थर्ड गिअर, आणि क्लच सोडायचा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. नाही पडलं तर क्लच सटकतोय."

आधी तो स्वतः बसला. क्लच सोडला. इंजिन धाडकन बंद. दोनदा केलं, दोनदा बंद.

"क्लचमध्ये अजून जान आहे की. आता तुम्ही बसा."

मी बसले. थर्ड टाकला. क्लच सोडला आणि दोन्ही पाय उचलून बाजूला घेतले.

इंजिन चालूच...

मी खाली पाहिलं. माझं क्लचचं पॅडल अर्धं खाली होतं. माझा पाय त्यावर नव्हता.

संदेशने डावा दरवाजा उघडला, वाकला आणि तसाच थांबला.

"ताई... इकडचं पण दाबलेलं आहे."

त्याने हाताने ते वर ओढायला बघितलं आणि झटकन हात मागे घेतला. "जाम असेल," म्हणाला. पण त्याचा आवाज बदललेला.

आम्ही भूतबित मानत नाही. पप्पा तर गाडीला लिंबू-मिरची बांधायला आलेल्याला हाकलून द्यायचे. पण त्या पॅडलवर परत पाय ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

"डावीकडचा सेट काढून टाकूया का?" संदेशने विचारलं.

"नको." आई मागच्या सीटवरच होती. आम्ही तिला विसरलोच होतो. "काढू नको रे. त्यांना वाटतं, ही अजून शिकतेय."

संदेश दरवाजापासून मागे सरकला. इंजिन तेवढं चालू होतं.

"मग सांग ना त्यांना, अमू," आई म्हणाली. "असंच चाललं तर एक दिवस दोघी जाऊ."

मी डाव्या सीटकडे वळले. सीट रिकामी होती. मला रडू फुटत होतं, पण आवाज नीट ठेवला.

"पप्पा, पाय काढा. मला येते गाडी."

काहीच झालं नाही...

आणि मग पॅडल वर यायला लागलं. हळूहळू. नवख्याला शिकवताना सोडतात तसं, अगदी सावकाश. गाडी थरथरली. इंजिनने एक आचका दिला आणि बंद पडलं.

एवढी शांतता मी पप्पा गेले त्या दिवशीही ऐकली नव्हती. आई पदर तोंडात धरून रडत होती.

संदेशने नंतर सगळं खोललं. स्प्रिंग, केबल, रॉड, सगळं ठीक. सेट अजून गाडीत आहे. त्यानंतर ते पॅडल आपणहून हललेलं नाही.

दुसऱ्या दिवशी घराबाहेरच्या पहिल्याच सिग्नलला गाडी बंद पडली. चालू केली, पुन्हा बंद. मागून हॉर्न सुरू झाले. तेव्हा कळलं की मला गाडी येत नव्हती. कधीच येत नव्हती. मी पप्पांशी खोटं बोलले होते, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

आता मी नीट शिकलेय. पण आई गाडीत बसत नाही. रविवारी मावशीकडे एकटीच लोकलने जाते.

परवा धीर करून विचारलं, तर म्हणाली, "त्या गाडीत आता कोण आहे?"