शेगडीचा घास

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यांमागच्या गल्लीत महेश्वरीचं कडक भाकरीचं शेड आहे. मल्लेश मेकॅनिक तिथं आला तो भर उन्हाचा, पान्यांची पिशवी खांद्याला लावून. काम म्हणाल तर साधंच. पेलेटची शेगडी सकाळी झकास पेटते आणि दुपारी जळण ओढायचंच बंद करते. असल्या कामाला कुणी घाबरतं का? गाडीवरून उतरता उतरताच तो म्हणाला, "वहिनी, पेलेट ओली झाली असतील की."

"कोरडी ठाक हायत. आठ दिस झालं, रोज बाराला बंद पडतीया. बारा म्हंजे बारा."

महेश्वरीचा जीव मात्र भाकरीत नव्हता, मागच्या अंगणात होता. शेगडी थांबली की तिथं तीन दगडांची चूल पेटायची आणि नको नको म्हणताना ईरम्मा मावशी, सासूच्या जोडीनं जन्मभर भाकरी थापलेली, तिच्यापुढं जाऊन बसायची. मग धूर, आणि धुरात तो खोकला. अस्साच खोकला महेश्वरीनं दोन वर्षं ऐकला होता, सासूचा, निंगव्वाचा. अत्ती म्हणायची ती सासूला, आणि ईरम्मा अक्का म्हणायची. जन्मभर चुलीपुढं बसून अत्तीची छाती पार कामातून गेली, मार्गशीर्षात ती वारली. आणि त्याच महिन्यात डॉक्टरांनी ईरम्माच्या छातीचा फोटो उजेडाकडं धरून सांगितलं, हिला आता धूर दाखवू नका, नाहीतर ही पण जाईल. महेश्वरीनं तडक शेडातली चूल फोडली आणि ही शेगडी आणली. वरच्या डब्यात पेलेट, म्हणजे शेंगांच्या टरफलांच्या दाबून केलेल्या कांड्या ओतायच्या, खालचा स्क्रू फिरत फिरत त्या जाळात नेऊन टाकतो. धूर नावाला नाही. ईरम्मा जगायची तर ही शेगडी चालायला हवी, एवढंच तिला कळत होतं.

मल्लेशनं पंखा पाहिला, तारा पाहिल्या. कधी कधी कांड्या वर अडकतात आणि खाली पोकळी धरते, म्हणून महेश्वरीला कुलूप काढायला लावून गजानं डबा ढवळला. मोटर फिरत होती, स्क्रू फिरत होता, जाळात मात्र एक कांडी पडेल तर शपथ.

बारा वाजून गेले होते. शेजारचे माग जेवणाच्या सुट्टीला एकदम थांबले आणि सगळ्या गल्लीचा आवाजच कुणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. दारातलं ऊन पांढरं पडलं होतं. भाजल्या ज्वारीचा वास शेडात तरंगत होता. बायका पिठाचे हात मांडीवर टाकून बसल्या जागी पेंगत होत्या. महेश्वरीच्याही डोळ्यांवर झापड आली.

"वहिनी, हितं कान लावा," मल्लेश हळूच म्हणाला. "स्क्रूचा आवाज हाय, पण त्येच्यामागं... काय हाय?"

तिनं डब्याच्या पत्र्याला कान लावला. सकाळपासून तापलेला पत्रा, पण कानाला गार लागला. आत लांबून यावा तसा आवाज होता. थप... थप... थप. मग दम घ्यायला थांबणं. मग पुन्हा थप. भाकरी थापल्याचा आवाज. तिला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगू का, तिला इतकं बरं वाटलं की तिथंच डोकं टेकून झोपावं.

"लायटीचा प्लग काढतो," मल्लेश म्हणाला, तेव्हा कुठं ती भानावर आली.

कांड्या उपसल्या. तळाशी, बरोबर स्क्रूच्या तोंडावर, ज्वारीच्या पिठाचा लिंबाएवढा गोळा बसला होता. एवढ्या आचेत ओला, आत्ता मळल्यासारखा! त्यावर अंगठ्याचा ठसा होता आणि नखाची खूण मधोमध दुभंगलेली.

"कुणी टाकलाय ह्यो?" मल्लेशनं विचारलं.

कोण टाकणार? डब्याला कुलूप आणि किल्ली महेश्वरीच्या मंगळसूत्राला. आणि चिरलेल्या नखाचा अंगठा या शेडात एकीचाच होता, ती गेली.

अत्तीची रीत तिला आठवली. पहिल्या उंड्यातला घास चुलीला दिल्याशिवाय अत्ती तवा ठेवायची नाही. शेगडी आली, तिला चुलीसारखं तोंड नाही, मग घास द्यायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. कसं येणार, सगळ्या धूर गेल्याच्या आनंदात.

तेवढ्यात ईरम्मा अंगणातून आत आली. डोळे धुरानं लाल. तिनं तो गोळा आपल्या तळहातावर घेतला. तिच्या बोटात जाडजूड तांब्याची अंगठी होती, पीठ मळतानाही ती कधी काढायची नाही.

"अक्काचा अंगठा," ती म्हणाली आणि चक्क हसली. मग शेगडीकडं बघून कानडीत पुटपुटली, "बंदे अक्का... बंदे."

आले अक्का, आले. गल्लीतून कुणी हाक मारल्यावर द्यावी तशी ओ.

महेश्वरी एकदम ओरडली, "मावशी, आसं काय बोलताव! गप बसा की!"

तिनं परातीतून पीठ खुडलं, राखेचं दार उघडलं आणि निखाऱ्यावर घास ठेवला. "अत्ती, चुकलं माझं. रोज घास दीन. पर मावशीला ऱ्हाऊ द्या... माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या."

मल्लेशनं प्लग लावला. कांड्या खडखडत जाळात पडल्या आणि शेगडी संध्याकाळपर्यंत चालली. महेश्वरीनं अंगणातल्या चुलीवर घागर ओतली आणि तिन्ही दगड उचलून गटारापलीकडं फेकले. घरी जाताना ईरम्मा एकदाही खोकली नाही. महेश्वरीला त्या रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यात आधी घास दिला. ईरम्मा अजून आली नव्हती. कधी दांडी न मारणारी बाई, पण येईल, उन्हानं उशीर झाला असेल. दहा वाजले, अकरा वाजले. बाराला शेगडी थांबली.

मल्लेशनं येऊन प्लग काढला, डबा उपसला आणि वाकलेला तसाच राहिला.

"वहिनी... काल एकच हुता न्हवं?"

शेजारी शेजारी दोन गोळे होते. एकावर दुभंगलेलं नख. दुसऱ्यावर बोटाची खूण आणि तिच्याभोवती जाड अंगठीचा वळसा.

महेश्वरीनं ईरम्माच्या पाटाकडं पाहिलं. पाट रिकामा होता. महेश्वरीचा फोन वाजायला लागला, ईरम्माच्या लेकाचं नाव होतं. तिला तो उचलवेना.

प्लग मल्लेशच्या हातात होता, तरी डब्यातून आवाज येत होता. थप... थप. दोघी जणींनी समोरासमोर बसून भाकऱ्या थापाव्यात तसा, एकीची थाप पडली की दुसरीची. महेश्वरी कान देऊन ऐकत राहिली. खोकला मात्र दोघींपैकी एकीलाही नव्हता.